शेजारच्या म्हातारीने विचारलेली तारीख

मी मुळातच संशयी. नवरा म्हणायचा, तू देवळात गेलीस तरी आधी चपलांकडे बघशील.

तेव्हा आम्ही डेट्रॉइटजवळ राहायचो. नवरा मोटारींच्या कंपनीत, मी घरी, मुलगा दोन वर्षांचा. शेजारणीची आई लेबनॉनच्या डोंगरातून तिच्याकडे राहायला आली. द्रूझ पंथाचे लोक ते. म्हातारीच्या डोक्यावरून पांढरी ओढणी, आणि डोळे सतत माझ्या पोरावर. त्याला अंगणात सोडलं की बाई कुंपणाशी हजर! गावच्या गोष्टी सांगायची, लेक इंग्रजीत करून द्यायची. तुतीची झाडं, रेशमाचे किडे, पणजोबांच्या काळात जाळलेलं आणि पुन्हा दगड रचून उभं केलेलं गाव. मला ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू. पण प्रत्येक गोष्टीनंतर तिचा एकच प्रश्न, हा कधी जन्मला?

पहिल्यांदा हसून टाळलं. मग एकदा तिने त्याचा शर्ट वर करून पाठ चाचपली, तेव्हा मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. परक्या माणसाला जन्मवेळ सांगू नये, असं आईने बजावलेलं. मी मीठ-मोहऱ्यांनी पोराची दृष्ट काढली, नवरा हसला तर हसू दे. पुढच्या खेपेला तिने विचारलं आणि मी बेधडक सहा महिने पुढची तारीख ठोकून दिली. म्हातारी वळून घरात गेली. नसती ब्याद टळली म्हणून मला बरंच वाटलं.

त्यानंतर ती कुंपणाशी आलीच नाही. आठवड्याने लेकच आली, आईचं मनावर घेऊ नका म्हणाली. त्यांच्यात म्हणे माणूस गेला की त्याच क्षणी दुसरीकडे जन्मतो. तिचा भाऊ, म्हातारीचा मुलगा, गावच्या लढाईत पाठीत गोळी लागून गेला होता. आई त्या दिवशी जन्मलेली मुलं शोधत फिरायची.

"आम्ही आमच्यातच जन्मतो, हे तिलाही माहीत आहे," लेक म्हणाली. "पण गावात आता आमचं कुणीच उरलं नाही. मग तो जाणार कुठे, म्हणते."

मी तारीख विचारली. तिने सांगितली. माझ्या मुलाचीच.

खरं सांगून टाकावं, असं दहादा ओठांवर आलं. पण म्हातारी त्याला आपला म्हणू लागली तर? मला भीती वाटली, सरळ सांगते. मी चहाचं विचारलं.

लेक नको म्हणाली. आईचं सामान बांधायचं होतं. पुढच्या आठवड्यात ती परत निघाली होती, तो या देशातही नाही म्हणून.