रजियाबीचे ठोके

मॅडमनी तो काळा पट्टा माझ्यासमोर स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. आतली बाजू दोनदा पुसली. मग टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"आता तू घालत जा."

रजियाबीला मातीत देऊन आठवडाही झाला नव्हता. पट्टा तिच्या मनगटावरचा होता.

आम्ही दोघी विद्यापीठात कंत्राटावर झाडपूस करायचो. मी चांदूर बाजारकडची. बोअर आटले, संत्र्याची झाडं वाळून सरपणाला गेली, तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी बाया शहरात येऊन झाडू धरायला लागल्या. त्यातली मी एक. रजियाबी हिवरखेडची. तिचा नवरा गाद्या भरायचा. गावाजवळ पैसाच उरला नाही, तर गादी कोण भरून घेतो? तेही उठून आले.

विद्यापीठाने कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची योजना काढली. ही मॅडम तिची प्रमुख. रोज सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर तिचा निरोप यायचा. पाणी प्या. खोल श्वास घ्या. मनातलं बोला. सगळ्यांच्या म्हणजे कायम नोकरीवाल्यांच्या. आम्ही त्या ग्रुपात नव्हतो. आम्ही कर्मचारी नव्हतो, ठेकेदाराची माणसं होतो.

मग चालण्याची स्पर्धा आली. मनगटाला पट्टा बांधायचा, तो पावलं मोजतो. दर महिन्याला जो जास्त चालेल त्याचा फोटो ग्रुपवर. साहेब लोक खुर्चीतून उठेनात. मग कोणाला तरी सुचलं, दिवसभर चालतात त्या झाडणाऱ्या बाया. पट्टे आमच्यातल्या काहीजणींच्या हातावर आले, माझ्या नाही. सकाळी घालायचे, संध्याकाळी परत द्यायचे. परत गेले की आमची पावलं त्यांच्या मोबाइलमध्ये उतरायची. मॅडमचा पट्टा रजियाबीकडे होता. मॅडम पहिली आली. हारतुरे झाले. हॉल आम्हीच झाडला.

रजियाबी हसायची. "माह्या पायानं मॅडम हजले जाऊन येते पाहा," म्हणायची. "त्याचं पुण्य, सवाब, मात्र मले भेटन का तिले, हे मौलानाले विचारा लागन."

उन्हाळा लागला तशी ती जिन्यावर थांबायला लागली. "काय होऊन राहिलं वं?" मी विचारलं. "काई नाई, उन्हाचं हाय," म्हणाली. एका दुपारी वऱ्हांड्यात बादलीजवळ कोसळली. ऑटोत माझ्या मांडीवर डोकं होतं तिचं. दवाखान्यात डॉक्टरांनी पाहिलं आणि चादर ओढली.

तिथंच मॅडमचा शिपाई आला. खाली मान घालून म्हणाला, "तो पट्टा तेवढा मागितला हाय."

मीच सोडवला. मनगट अजून कोमट होतं. पट्ट्याच्या आतल्या बाजूला एक हिरवा दिवा असतो, तो ठोके शोधतो. तो लुकलुकत होता. शोधतच होता.

ठेकेदार तिच्या घरी जाऊन सांगून आला, "जुना आजार होता, तिनं लपवला." सगळ्यांनी ते मानलं. नवऱ्यानेही मानलं.

आणि आता तोच पट्टा माझ्यापुढे. मी हात पुढे केला नाही. मॅडमला वाटलं, मी भ्यायले. समजावणीच्या सुरात म्हणाली, "आणि जरा दमानं चाल. ती घालायची तेव्हा, संध्याकाळी पट्टा परत आला की माझ्या मोबाइलवर सारखे इशारे यायचे. ठोके अनियमित आहेत, डॉक्टरांना दाखवा. शेवटी मी ते बंदच करून टाकले."

मी टेबलावरच्या पट्ट्याकडे बघितलं.

"कवापासून येऊन राहिले होते?"

"असेल दिवाळीपासून. का?"

"मंग तिले सांगतलं काहून नाही?"

"अगं, ते निरोप माझ्यासाठी असतात. तिचं नाव कुठे आहे त्यात? आणि मशीनचं काय खरं धरायचं?"

"पावलं खरी धरली न मॅडम? पावलं खरी, अन ठोके खोटे?"

तिचा चेहरा बदलला. मी कोण आहे हे तिला आठवलं. "काम करायचंय ना तुला इथे?"

मी पट्टा उचलला नाही. "माह्या हाताले दुसऱ्याचा पट्टा लागणार नाही," म्हटलं आणि बाहेर आले. बाकीच्या बायांना नळावर गाठून सगळं सांगितलं. दोघींनी हातातले पट्टे काढले. एकीने ठेवला. तिच्या एकटीवर घर होतं, तिला मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने मला कामावरून बंद केलं.

आता बसमध्ये, बाजारात, कुठंही कोणाचा मोबाइल टिंग करून वाजतो आणि मी थांबते. कोणाचा जीव जाऊन राहिला, अन खबर कोणाच्या खिशात पडली? त्या महिन्यांमध्ये मी रोज रजियाबीशेजारी बसून भाकर खाल्ली. तिच्या हातावर तो दिवा लुकलुकत होता. त्याला माहीत होतं. मॅडमला माहीत होतं. जिचा जीव, तिलाच माहीत नव्हतं.

रजियाबीच्या घरी गेले. पोरगी शबाना दारातच म्हणाली, "मावशी, अम्मीनं लपवलं म्हणतात सारे. आमाले काहून नाई सांगतलं तिनं?"

मी दोघा बापलेकींना बसवलं. मॅडम जे बोलली ते शब्दाला शब्द सांगितलं. शबाना रडली नाही, ऐकत राहिली. तिचा बाप म्हणाला, "मतलब, खबर थी."

"होती," मी म्हटलं.

सोमवारी आम्ही तिघं कुलसचिवांच्या दालनात जाणार आहोत. मॅडमलाही बोलवा म्हणून सांगितलं आहे. ती नाही म्हणेल. मी असं बोललेच नाही म्हणेल. पुरावा काय म्हणून विचारतील, आणि तो तिच्याच मोबाइलमध्ये आहे. कंत्राटातून काढलेल्या बाईचा राग आहे हा, असंही म्हणतील. म्हणू द्या. रजियाबीने काही लपवलं नव्हतं. हे मी तिथं सांगणार. बाहेर काढलं तर दारात उभी राहून सांगणार, आणि मॅडमच्या तोंडाकडे बघून सांगणार.