अभिनंदनाचा फ्लेक्स

राजशेखर कलशेट्टीला नाही म्हणता येत नाही. सोलापूरच्या नवी पेठेत हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे त्याचा फायदा घेतात. त्याच्या चादरी-टॉवेलांच्या दुकानात गिऱ्हाईक येतं, चादरींची अख्खी मांडणी खाली उतरवायला लावतं, एकेकीवर हात फिरवतं आणि 'घरी विचारून येतो' म्हणून चालू लागतं. राजशेखर त्याला हसत हसत पायरीपर्यंत सोडतो आणि मग दुपारपर्यंत घड्या घालत बसतो. शेजारच्यानं 'जरा आमच्या गल्ल्यावर बस' म्हटलं, की स्वतःचं दुकान उघडं टाकून तिथं जाऊन बसतो. तो शेजारी म्हणजे मी, यशपाल. माझं बॅगांचं दुकान आहे. माझा स्वभाव याच्या उलट. दिवसातनं कुणाला तरी ठणकावून नाही म्हटल्याशिवाय माझं जेवण पचत नाही. तरी आमचं तीस वर्षं जमलं, कारण माझं भांडून झालं की समजूत काढायला तो असतोच.

त्याची एकुलती एक मुलगी अंकिता. टॉवेलांच्या गठ्ठ्यांवर बसून तिनं अभ्यास केला, इथंच इंजिनिअर झाली आणि चेन्नईकडं एका खासगी कंपनीत लागली. कंपनी रॉकेट बनवत होती, तेही तीस मजली इमारतीएवढं. त्यात इंधनाच्या पाइपांचं काही काम तिच्याकडं होतं. राजशेखरला त्यातलं काही कळत नव्हतं. कुणी विचारलं की 'पाइपलाइनचं बघते' म्हणायचा. त्यामुळं निम्म्या पेठेला वाटायचं, पोरगी पाणीपुरवठ्यात आहे. लोक त्याच्याकडं नळाच्या तक्रारी घेऊन यायचे, आणि हा त्याही ऐकून घ्यायचा.

त्या रॉकेटच्या पहिल्या चाचणीची बातमी पेपरात आली, तसा मंजुनाथ दुकानात आला. मंजुनाथ आमच्या गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष. पोरगा तसा वाईट नाही, पण त्याला नगरसेवक व्हायचंय. अंकिताताईचा एक चांगला फोटो पाहिजे म्हणाला. राजशेखरकडं चांगला फोटो एकच होता, स्थळांना पाठवायला स्टुडिओत काढलेला. हिरवी इरकल साडी, केसात गजरा, हाताशी प्लास्टिकच्या फुलांची कुंडी. मी डोळ्यांनी खुणावत होतो, देऊ नको म्हणून. त्यानं दिला.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी सात रस्ता चौकात एका इमारतीच्या गच्चीवर फ्लेक्स चढला. मध्यभागी गॉगल घातलेला मंजुनाथ, त्याच्या खांद्यामागनं रॉकेट निघालेलं, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि कोपऱ्यात इरकल नेसलेली अंकिता. वर मोठ्या अक्षरांत: 'सोलापूरच्या सुकन्येने महाकाय रॉकेट यशस्वीरीत्या अवकाशात पाठविल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' रॉकेट अजून जमिनीवरच होतं. मी मंजुनाथला झापलं. तो म्हणाला, फ्लेक्सवाल्याकडं पुढं जयंतीची गर्दी आहे, नंतर नंबर लागला नसता. छापलाच आहे तर घरात ठेवून काय करायचा. राजशेखर फ्लेक्सकडं बघून नुसता हसत होता. अंकिताला चाचणी झाल्यावर सांगू, खूश होईल, असं त्याचं म्हणणं पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलच्या दुकानातला मोठा टीव्ही रस्त्याकडं तोंड करून लावला. पेठेतला धंदा थांबला. आकडे उलटे सुरू झाले, तसा राजशेखरनं हात जोडले. खालून जाळ निघाला आणि ते अवाढव्य धूड हळूहळू उचललं. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. वर वर जात ते बारीक झालं आणि एकदम लख्खकन उजळलं. पांढरं, नारिंगी, मग धुराचा गोळा. पडद्यावर कंपनीतली मुलं उभी राहून टाळ्या वाजवत होती. एक बाई इंग्रजीत भराभरा काही तरी बोलत होती. ते वाजवतायत म्हटल्यावर आम्हीही वाजवल्या. मंजुनाथनं फटाक्यांची लड लावली. पेढे निघाले. राजशेखरच्या गळ्यात कुणीतरी हारही घातला.

लडीचा धूर विरायच्या आत कुणाच्या तरी मोबाइलवर बातमी आली: महाकाय रॉकेटचा हवेतच स्फोट. आमचं जुनं गिऱ्हाईक बसलिंगप्पा तोंडातला पेढा तसाच धरून म्हणाले, "मग ती पोरं टाळ्या कशापायी वाजवत होती?" रॉकेट निदान उचललं तरी, म्हणून ती वाजवत होती, हे मला फार नंतर कळलं. त्या वेळी राजशेखरनं गळ्यातला हार काढला आणि तो कुठं ठेवावा हे त्याला समजेना.

मग जे सुरू झालं, ते बघून मला एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. चहाच्या गाड्यावर कुणी म्हणालं, नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतंय आणि ही माणसं कोट्यवधी रुपये जाळतायत. कुणी म्हणालं, मुहूर्त बघितला नसणार. कुणी दिवाळीतलं रॉकेट बाटलीत उभं करून दाखवलं. अंकिताच्या त्या इरकलीतल्या फोटोखाली 'लवंगी फटाका' लिहून ते चित्र गावभर फिरलं. तिकडं राजशेखरच्या बायकोनं, श्रीदेवीवहिनींनी, मीठ-मिरच्या घेऊन लेकीची दृष्ट काढली. लेक लांब, म्हणून मोबाइलवरच्या फोटोवरनं उतरवायला गेल्या, तर पडदा सारखा विझायचा. बसलिंगप्पा दुसऱ्या दिवशी टोपी घालून दुकानात आले आणि गादीच्या कडेला टेकले. हळू आवाजात 'कसं झालं?' म्हणाले. एखादं माणूस गेल्यावर विचारतात तसं. राजशेखरनं त्यांना चहा पाजला, आणि उलट त्यांचंच सांत्वन केलं.

हे सगळं त्यानं सोसलं असतं. पण संध्याकाळी अंकिताचा फोन आला. ही चाचणीच होती, यात असं होतंच, कुणाला इजा झाली नाही, असं तिनं सांगितलं. आणि आठवड्यानं घरी येते म्हणाली. वहिनींना आनंद झाला. राजशेखर मात्र तडक माझ्या दुकानात आला, आणि मी त्याला पहिल्यांदाच घाबरलेलं बघितलं.

"यशपाल, स्टेशनवरनं घरी जायचा रस्ताच तो हाय की. पोरगीनं तो फ्लेक्स बघायला नको. ती यायच्या आत उतरवायला पाहिजे."

साधी गोष्ट वाटली मला. चार दोऱ्या कापल्या की फ्लेक्स खाली. पण त्यासाठी जो दारोदार विचारत फिरायला लागला, त्याचं नाव राजशेखर होतं. तो मंजुनाथकडं गेला. मंजुनाथ म्हणाला, काका, त्यावर एवढ्या जणांचे फोटो आहेत, एकेकाला विचारल्याशिवाय कसा उतरवू, लोक म्हणतील माझा फोटो खुपला. तो फ्लेक्सवाल्याकडं गेला. फ्लेक्सवाला म्हणाला, लावायचं काम माझं, काढायचं मंडळाचं. इमारतीचा मालक पुण्याला, गच्चीची किल्ली त्याच्याकडं. राजशेखरनं त्याला फोन लावला, तर त्यानं आधी रॉकेटबद्दल दुःख व्यक्त केलं, मग आपल्या मुलाला त्या कंपनीत चिकटवता येईल का ते विचारलं. राजशेखर बघतो म्हणाला. माझ्यासमोर म्हणाला.

"मी जातो ब्लेड घेऊन," मी म्हटलं. "शेजारच्या गच्चीवरनं चढतो आणि फाडतो. कोण काय करतंय बघू."

त्यानं माझा हात धरला. नको म्हणाला. मंजुनाथनं हौसेनं केलंय, पोराला वाईट वाटेल. मला इतका राग आला की त्या दिवशी मी त्याच्याशी बोललो नाही. पण गेलोही नाही, कारण मुलगी त्याची.

मंजुनाथला दया आली, आणि दया आलेला मंजुनाथ जास्त धोक्याचा. त्यानं पांढऱ्या कागदाची लांब पट्टी छापून आणली आणि शेजारच्या गच्चीवरनं चढून 'यशस्वीरीत्या अवकाशात पाठविल्याबद्दल' याच्यावर चिकटवली. पट्टीवर लिहिलं होतं: 'पाठविण्याच्या प्रयत्नाबद्दल'. आधी जो फ्लेक्स रोजच्या गर्दीत कुणी मान वर करून बघत नव्हतं, तो आता सगळे थांबून बघायला लागले. पोरं त्याच्याखाली सेल्फी काढायला येऊ लागली. चिकटवण्याआधी मंजुनाथनं विचारलं होतं, काका, चालेल ना? याचं उत्तर काय गेलं असेल ते मी सांगायला नको.

अंकिता यायच्या दिवसापर्यंत राजशेखर हरला होता. त्यानं शेवटचा उपाय काढला: माझी ओम्नी गाडी घेऊन स्टेशनला जायचं, सात रस्ता टाळून गल्लीबोळातनं होटगी रोड गाठायचा आणि आसरा चौकाकडनं वळसा घालून जुळे सोलापुरातल्या घरी पोचायचं. निदान आजचा दिवस तरी, म्हणाला.

अंकिता रेल्वेतनं उतरली ती वाळलेली दिसली. बापाच्या पाया पडली, माझ्याही पडली. आम्ही निघालो. मी उलट्या बाजूला वळायला लागलो तशी ती मागनं म्हणाली, "काका, इकडं कुठं? सात रस्त्यावरनं घ्या."

"तिकडं ट्रॅफिक लई असतंय, बाळ," राजशेखर म्हणाला.

"असू दे, अप्पा. मला फ्लेक्स बघायचाय."

तिच्या कॉलेजच्या मैत्रिणींनी तिला तो पहिल्याच दिवशी पाठवला होता. नंतरची पट्टीही पाठवली होती. मी गाडी वळवली.

सात रस्त्यावर कडेला थांबवली. अंकिता उतरून वर बघत उभी राहिली. पट्टीचा एक कोपरा सुटून वाऱ्यावर फडफडत होता. तेवढ्यात कॉलेजच्या तीन-चार पोरापोरींनी तिला ओळखलं. मॅडम, तुम्हीच ना, म्हणत त्यांनी तिला घेरलं आणि मोबाइल वर धरले. मी दार उघडून शिव्या घालायला उतरलो. पण ती त्यांच्यामध्ये उभी राहिली होती, मागचा फ्लेक्स फोटोत यावा म्हणून जरा बाजूलाही सरकली होती, आणि हसत होती. ते हसणं माझ्या तीस वर्षांच्या ओळखीचं होतं. मी पुन्हा आत येऊन बसलो. शेजारी राजशेखर पायातल्या चपलांकडं बघत होता.

ती परत आली. मी किल्ली फिरवणार, तेवढ्यात म्हणाली, "अप्पा, पाइपचा एक जोड होता. तो परत तपासायला हवा होता. मला दिसत होतं ते. साहेब म्हणाले, सगळे थांबलेत, तुझ्या सहीवाचून अडलंय. मी सही केली."

"त्यानंच झालं व्हय?"

"अजून कळलं नाही. चौकशी चाललीय. दुसरंही काही असेल."

"मग न्हाई म्हणायचं की, बाळ," राजशेखर म्हणाला. अगदी कळवळून म्हणाला. "मला तरी विचारायचं."

"केला होता ना फोन, आदल्या दिवशी. विचारायलाच केला होता." ती खिडकीबाहेर बघत होती. "मग म्हटलं, तुम्ही काय सांगणार ते मला माहीतच आहे. म्हणून नुसतं जेवलात का विचारलं आणि ठेवला."

"काय सांगितलो असतो मी?"

"'कर की सही. चार लोकांत कशाला वाईटपणा घ्यायचा.'"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला तरी काही बोलता आलं असतं. मागनं बसवाला हॉर्न वाजवत होता.

राजशेखरनं तोंडावरनं हात फिरवला.

"व्हय," तो म्हणाला. "असंच सांगितलो असतो."