मुलुंडचा गेलेला गाळा
उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास आला की माझी पहिली भंगार गाडी आठवते. तिची दारं आतून उघडत नसत. काच खाली करून हात बाहेर घालावा लागे. महिनाभर घासाघीस केलेला मुलुंडचा गाळा पक्का करायला गेलो, तर चारही काचा अडकलेल्या. समोर गाळ्याचा मालक दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलत होता. मी घामाघूम होऊन काच बडवत "थांबा, थांबा" ओरडत होतो आणि तो नुसता हसत मान हलवत होता. सौदा उरकून त्यानेच येऊन दार उघडलं. "काय शेठ, गाडीत बसून हाका मारताय? मला वाटलं, भाव पाडायची नवी तऱ्हा!" आज माझे दोन गाळे आहेत, तरी त्या दुकानासमोरून जाताना डोकं फिरतंच.