मोठेबाबांची गोष्ट आणि माझा हुंकार

आमच्याकडे गोष्ट एकट्याने सांगता येत नाही. समोर हुंकार देणारा लागतो. सांगणाऱ्याने वाक्य टाकलं की त्याने 'हूं' म्हणायचं, मग ते वाक्य पक्कं. पक्कं झालेलं परत घेता येत नाही. माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, या बाबतीत कोर्टाहून कडक.

त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. आवाज राहीलच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. राजाने नदी पळवल्याची एक लांबलचक गोष्ट फक्त त्यांनाच येत होती. दवाखान्यात जायच्या आदल्या दुपारी त्यांनी मला दारव्ह्याहून बोलावून घेतलं.

"बस. हुंकार दे. पुरी सांगून टाकतो तुले."

बसलो. पण हातात मोबाईल, आणि मोबाईलवर आमच्या ग्रुपात भांडण पेटलेलं. तोंडाने हूं हूं चालू होतं, अगदी वेळेवर. मोठेबाबांना संशय आला असावा.

"राजा नदीपाशी आला."

"हूं."

"अन् बकरीच्या पोटात जाऊन बसला."

"हूं."

"बकरी ट्रकात बसून पांढरकवड्याले गेली."

"हूं."

"तिथं तिनं तुह्यासंग लगन लावलं."

"हूं," म्हणालो, वर मानही हलवली.

ते गप्प झाले, तेव्हा कुठे मी भानावर आलो. माफी मागितली, नदीपासून परत सुरू करा म्हटलं.

"कसं करू? तू हूं म्हटलं. आता राजा पोटात हाये."

त्याला बाहेर काढायला आम्ही दोघं दिवस मावळेपर्यंत खपलो. बकरी कापावी, तर ती आता माझी बायको. शेवटी ते वैतागून उठले. माझी मलाच इतकी लाज कधी वाटली नव्हती.

ऑपरेशन नीट झालं, आवाज मात्र गेला. लिहिणं त्यांना येत नाही. महिन्याभराने मी गेलो आणि त्यांच्या बाजेवर बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले. नुसती हवा आली. मी हूं म्हणालो. परत हवा, परत हूं. अशी दुपार गेली.

मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, दारात येऊन म्हणाली, "काहून हूं हूं करून राह्यला? समजून राह्यलं का काही?"

मी तिला हातानेच थांबवलं, कारण मोठेबाबा माझ्या हुंकारासाठी थांबले होते.