नंदाबाई कामावर हजर होती

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात, त्र्याहत्तर साली, वाटूरजवळ पाझर तलावाचं सरकारी काम चालू होतं. कांताबाई आणि तिची भावजय नंदाबाई एकाच टोळीत माती उचलायच्या. खालून पोखरत गेलं तर वरची दरड अंगावर येईल, हे बायांनी मुकादमाला दोनदा सांगितलं होतं. त्याला काम जल्दी उरकायचं होतं. एका दुपारी दरड आलीच, नंदाबाई तिच्याखाली गाडली गेली. फावडं नंदाबाईला लागेल म्हणून कांताबाईनं हातांनीच उकरलं. तिची दोन नखं उपटली. नंदाबाई सापडली तेव्हा तिच्या तोंडात माती भरली होती.

संध्याकाळी हजेरीपटावर नंदाबाईच्या नावापुढं त्या दिवसाची गैरहजेरी लागली. ती कामावर नव्हतीच, गोवऱ्यांसाठी शेण वेचत तिकडं आली होती, असा अहवाल वर गेला. मेलेल्या बाईला कारकुनानं एका फुलीत घालवून दिलं!

नंदाबाईचा नवरा तातेराव सातवी शिकलेला. त्यानं विरोधी पक्षाच्या एका आमदाराला पत्रं लिहिली. आमदारानं विधानसभेत प्रश्न टाकला आणि हिवाळी अधिवेशनाचे दोन पास पाठवले. परतूरला गाडीत बसून, मनमाडला गाडी बदलून बहीणभाऊ नागपूरला पोचले.

प्रेक्षक गॅलरीत दोघं पुढं वाकून बसले. प्रश्न पुकारला गेला. मंत्री उठले. त्यांनी कागदावरून वाचलं, "हे खरे नाही. उर्वरित प्रश्न उद्भवत नाहीत."

"काय म्हणला त्यो?" कांताबाईनं विचारलं.

"असं काही झालंच न्हाई म्हणला," तातेराव कसाबसा बोलला.

कांताबाई ताडकन उठली. "ओ सायब! नंदाबाई कामावर होती! म्या ह्या हातांनी उकरून काढली तिला. तुम्ही कुठं होता?"

 खाली कुणीतरी हसलं. पोलीस बायांनी दंडाला धरून तिला बाहेर नेलं आणि एका खोलीत बसवलं.

तिथला अधिकारी सौम्यपणे म्हणाला, "बाई, माफीच्या कागदावर अंगठा द्या. लगेच सोडतो."

"माफी कशाची? मी काय खोटं बोलले?"

"खऱ्याखोट्याचा प्रश्न नाही. इथं प्रेक्षकानं बोलायचं नसतं."

"मंग ज्याला बोलायचा हक हाय त्यानं खोटं बोलावं, अन् मी गप ऐकावं? बिलकुल अंगठा देणार न्हाई."

सभागृह उठेपर्यंत तिला तिथंच बसवून ठेवलं. अंगठा तिनं दिला नाही.

आमदारानं पुन्हा चर्चा मागितली. वेळ मिळण्याआधीच अधिवेशन संपलं. कामकाजाचा छापील वृत्तान्त पुढं तातेरावाच्या हाती आला. मंत्र्यांचं उत्तर त्यात अक्षरन् अक्षर होतं. कांताबाईचं एकही वाक्य नव्हतं. कंसात फक्त 'प्रेक्षक गॅलरीत व्यत्यय' एवढंच.

त्यानंतर कांताबाई ज्या कामावर जाई, तिथं सकाळी कारकुनासमोर उभी राही. "आधी हजेरी मांड अन् सगळ्यांची नावं मोठ्यानं वाच, मंगच टोपलं उचलू." या हट्टापायी तिला दोनदा कामावरून काढलं. पण आष्टीकडच्या कामांवरही बाया तसंच म्हणायला लागल्या.

तातेरावाला भरपाई मिळाली नाही. नियम असा, की मजूर मरताना कामावर हजर असला पाहिजे.