बडनेऱ्याजवळची अमरावती

अमरावती हे बडनेऱ्याचं उपनगर आहे, असं कोर्टात शपथेवर सांगायला तयार असलेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमच्या ताईचे सासरे. ते स्वतः वकील होते, त्यामुळे खोट्या शपथेला काय शिक्षा असते हे त्यांना ठाऊक होतं. तरीही ते तयार होते. आम्ही त्यांना काकाजी म्हणत असू. उंच, काटकुळे, डोक्याला काळी टोपी आणि ऐन वैशाखातसुद्धा गळ्यापर्यंत बंद केलेला काळा कोट. रोज सकाळी ते बडनेऱ्याहून अमरावतीच्या लहान गाडीत बसायचे, दिवसभर कोर्टात भांडायचे आणि दिवेलागणीला परतायचे. कोणी विचारलं की सांगायचे, "दिवसा बाहेरगावी असतो." हे बाहेरगाव म्हणजे पाच-सहा मैलांवरचं आमचं अमरावती, जिल्ह्याचं ठिकाण, जिथे आमच्या घराण्याच्या चार पिढ्या आपण फार मोठ्या शहरात राहतो अशा समजुतीत नांदल्या होत्या.

त्या काळी बडनेऱ्याची अमरावतीत काय किंमत होती ते सांगितलं पाहिजे. मुंबई-नागपूरची मोठी लाइन बडनेऱ्यावरून जाते, अमरावतीला नुसता एक फाटा आलेला. म्हणून अमरावतीच्या माणसाला कुठेही जायचं तर बडनेऱ्याला उतरून गाडी बदलावी लागे, आणि ज्या गावात आपण फक्त ताटकळलो त्या गावाबद्दल कोणाचंच मत चांगलं होत नाही. कोळशाचा धूर, कापसाच्या जिनांचे भोंगे आणि धुराडी, रेल्वेच्या चाळी आणि फलाटावरचा कोमट चहा, एवढंच बडनेरा आम्हाला माहीत. अमरावतीत मात्र कॉलेजं निघत होती, कॅम्पात बंगले उठत होते, बंगल्यांपुढे गुलाब लागत होते. एखादं पोर तोंड न धुता शाळेत आलं तर मास्तर म्हणायचे, "काय रे, बडनेऱ्याहून आलास काय?" त्यामुळे ताईला बडनेऱ्याचं स्थळ सांगून आलं तेव्हा आई म्हणाली, "मुलगा वकिलाचा आहे, शिकलेला आहे, सगळं खरं. पण मुलगी काय फलाटावर द्यायची?" हे बोलणं कोणीतरी काकाजींच्या कानावर घातलं. ते रागावले नाहीत. बोलणी करायला आले, ओटीवर बसले, आणि आईनं दिलेली करंजी खाऊन गंभीरपणे म्हणाले, "करंजी चांगली आहे. बडनेऱ्यात याहून बरी होते, पण मुलगी आमच्याकडे आली की तुम्हीही शिकाल." आईला या वाक्याचा राग येऊन तो ओसरायला बरीच वर्षं लागली. पुढे एका दिवाळीत त्यांनी "करंजी बडनेऱ्याच्या तोडीची झाली" असं कबूल केलं, तेव्हा तिनं ते शेजारच्या तीन घरी जाऊन सांगितलं.

काकाजींची भाषा दोन प्रकारची होती. एरवी ते छापल्यासारखं शुद्ध मराठी बोलत आणि न्यायाधीशांपुढे त्याहून शुद्ध इंग्रजी. पण बडनेऱ्याला कोणी नाव ठेवलं की त्यांच्या तोंडी 'ळ'चा 'य' करणारी अस्सल वऱ्हाडी यायची, बाह्या सरसावल्यासारखी. एकदा मी त्यांच्याबरोबर मुंबईहून येत होतो. समोर पुण्याचे एक सद्गृहस्थ होते. बोलता बोलता त्यांनी सहज विचारलं, "बडनेऱ्यात पाहण्यासारखं असं काय आहे हो?" मी डोळे मिटून घेतले. काकाजी म्हणाले, "तुमची गाडी नागपूरले चालली नं? मंग बडनेऱ्यात थांबल्याबिगर जाते का? नाई जात. इंजिनाले तठी पानी घ्या लागते, डायवरले चहा घ्या लागते. एवढी मोठी गाडी ज्या गावापुढं उभी राहून शिट्ट्या मारते, तठी पाहाले काय हाये म्हून इचारता?" पुण्याचे गृहस्थ पुढच्या स्टेशनापर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. कोर्टात तर याहून मजा. एकदा विरुद्ध बाजूचे वकील म्हणाले की आमचे विद्वान मित्र आज गाडी चुकल्यासारखे दिसतात. सगळं कोर्ट हसलं. काकाजी शांतपणे उठले. "महाराज, बडनेऱ्याच्या माणसाची गाडी कधीच चुकत नाही. गाडी चुकते ती अमरावतीच्या माणसाची, कारण तो बडनेऱ्याला वेळेवर पोचत नाही." या वेळी न्यायाधीशही हसले, त्यांची गाडी आदल्याच आठवड्यात चुकली होती.

असल्या माणसावर एक दिवस मोठा प्रसंग आला. त्यांची धाकटी मुलगी कुमुद बी. ए. झाली आणि तिला अकोल्याचं स्थळ आलं. मुलगा प्राध्यापक, वडील सरकारी इंजिनिअर, रामदासपेठेत नवा बंगला. मुलगा दोनदा भेटून गेला होता आणि कुमुदला मनापासून आवडला होता. हे तिनं ताईला सांगितलं होतं, म्हणजे ते आम्हा सर्वांना माहीत होतं. सगळं जमलं, आणि शेवटच्या बैठकीत इंजिनिअरसाहेब घड्याळ पाहत म्हणाले, "आमची एकच अट आहे. लग्न अमरावतीत व्हावं, एखाद्या चांगल्या कार्यालयात. आमच्याकडे मोठमोठे अधिकारी येतील. त्यांना बडनेऱ्यात कुठे नेणार?"

ओटीवर मी होतो. काकाजींच्या कपाळाची शीर मला दिसली. आता वऱ्हाडी सुरू होणार आणि लग्न मोडणार, असं मनात म्हणून मी चहाच्या कपात तोंड खुपसलं. पण काकाजी इतकंच म्हणाले, "विचार करून कळवतो." पाहुणे गेल्यावर कुमुद बाहेर आली. ती रडली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "बाबा, मला ते घर हवं आहे. पण तुम्हाला मान खाली घालावी लागणार असेल तर नको." काकाजींनी तिच्याकडे पाहिलं, टोपी घातली आणि स्टेशनवर जाऊन बसले. त्यांना विचार करायचा असला की ते फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली, "चाल रे, अमरावतीले कार्यालय पाहू." गाडीत ते खिडकीशी बसले. मग स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले, "गाव काई पयून जात नाई. पोरगी जाते." कार्यालय ठरलं. पत्रिकेत 'स्थळ : अमरावती' असं छापलं गेलं. ती पत्रिका काकाजींनी एकाही माणसाला स्वतःच्या हातानं दिली नाही. वाटायचं काम माझ्याकडे आलं.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. वऱ्हाड अकोल्याहून सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला यायचं, आम्ही मुलीकडच्यांनी फलाटावर त्यांचं स्वागत करायचं आणि सगळ्यांनी मिळून लहान गाडीनं अमरावतीला जायचं, असा बेत. पण अकोल्याची गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडेच कुठेतरी रखडली. ती बडनेऱ्यात शिरली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पेट्या, वळकट्या, घामानं भिजलेले अधिकारी आणि कोमेजलेले गजरे असं सगळं फलाटावर उतरतं आहे, तोच स्टेशनमास्तर धावत आले. अमरावतीच्या फाट्यावर मालगाडीचे डबे घसरले होते; लहान गाडी आज निघणार नव्हती.

इंजिनिअरसाहेबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "वकीलसाहेब, मुहूर्त टळेल. इथेच कुठे सोय होणार नाही का?"

"नाही," काकाजी म्हणाले. "लग्न अमरावतीतच होईल. मी तसा शब्द दिला आहे. टांगे जमवतो."

"अहो, एवढी माणसं टांग्यातून कधी पोचायची? आणि मीच म्हणतोय ना, की इथे करा!"

"शब्द मी दिला. तुम्ही फक्त घेतलात."

आणि मग फलाटावर असं दृश्य दिसलं की ते पाहिलेल्या माणसाला पुढे कुठलंही नाटक फिकं वाटावं. सगळा जन्म बडनेऱ्यासाठी भांडलेला माणूस अमरावतीचा हट्ट धरून उभा, आणि बडनेऱ्याला नाक मुरडणारा माणूस हात जोडून म्हणतोय की लग्न बडनेऱ्यातच लावा. तोवर बातमी स्टेशनबाहेर गेली होती. टांगेवाले आत आले होते. त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "वकीलसाब, बेटी अपनी है. आप खाली हुकुम करो, मांडव घंटाभरात उभा राहते." जिनवाले शेटजी म्हणाले, कापसाचा हंगाम संपला आहे, जिनाचं आवार झाडून स्वच्छ आहे. पण काकाजी हलेनात.

मुलाची आजी इतका वेळ एका ट्रंकेवर बसून पदरानं वारा घेत होती. ती तिथूनच कडाडली, "काय लावलं बाप्पा तुमी दोघायनं?" आधी ती आपल्या मुलाकडे, म्हणजे इंजिनिअरसाहेबांकडे वळली. "तू कुठला रे मोठा रामदासपेठेतला? मोर्णा नदीच्या पल्याडचा नं तू? जुन्या शहराच्या बोळीत जलमला, अन् तुह्या बारशाले साऱ्या अकोल्याचे लोक पूल वलांडून आले व्हते. कोनी म्हटलं का तुह्या बापाले, की बोळीत काहून बलावता म्हून?" इंजिनिअरसाहेबांच्या मागे उभे असलेले मोठमोठे अधिकारी एकदम फलाटाचं छप्पर पाहू लागले. मग आजी काकाजींना म्हणाली, "अन् वकीलसायेब, तुमचा शब्द म्या सोडवला. तुमच्या गावासाठी नाई, माह्या गुडघ्यासाठी. लगन इथीच लावा."

काकाजींनी चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला, परत घातला. "तुमची आज्ञा असेल तर," ते म्हणाले.

मग बडनेरा काय चीज आहे ते मी पाहिलं. कापसावर टाकायच्या ताडपत्र्या बांबूंवर चढल्या आणि मांडव झाला. जुन्या वस्तीतून माठ आले, नव्या वस्तीतून सतरंज्या आल्या, रेल्वेच्या चाळींतून आंब्याची पानं आणि बायका आल्या. खुर्च्या पुरेनात तेव्हा उरलेली रुईची पोती ओळीनं मांडली, आणि अधिकारी मंडळी त्यांवर अशी रुतून बसली की मंगलाष्टकांना उभं राहताना एकमेकांना हात द्यावे लागले. मी दोन टांगे घेऊन अमरावतीच्या कार्यालयातली बुंदी, मठ्ठा आणि भटजी आणायला धावलो. परत येईपर्यंत इथे घराघरांतून भाकरी, पिठलं आणि वांग्याची भाजी येऊन पोचली होती, आणि आजी ट्रंकेवरून उठून स्वयंपाकाच्या बायकांत जाऊन बसली होती. गोरज मुहूर्त साधला. स्टेशनात उभ्या असलेल्या एका इंजिनाच्या ड्रायव्हरनं अक्षता पडताना लांबलचक शिट्टी दिली. काकाजींनी मान वर करून पाहिलं आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या आईला म्हणाले, "विहीणबाई, फलाटावरची लग्नं अशी असतात." आई हसली, आणि हसता हसता तिनं डोळे टिपले.

इंजिनिअरसाहेब मोठ्या मनाचे निघाले. पुढे अकोल्याला कोणी विचारलं की ते ऐटीत सांगायचे, "आमच्या सूनबाई बडनेऱ्याच्या. आणि आम्ही मूळचे पुलापलीकडचे." काकाजींनी मात्र तो दिवस कधी मिरवला नाही. भांडण चालू असतानाच ते तावात असत, जिंकल्यावर त्यांना संकोच होई.

आणि मग, साठ सालानंतर, खरंच सगळं बदलू लागलं. अमरावतीत जागा महाग झाल्या. कॅम्पातले बंगले ज्यांना पेन्शनीत परवडेनात ते लोक बडनेऱ्याच्या रस्त्याला प्लॉट घेऊ लागले. ज्यांनी बडनेऱ्याच्या धुराला नाकाशी रुमाल धरले तेच आता म्हणू लागले, "काय मोकळी हवा आहे तिथली! आणि मुख्य म्हणजे मोठी लाइन दाराशी." काकाजी ऐकायचे आणि मान डोलवायचे. कोर्टातलं काम त्यांनी कमी केलं होतं. मला वाटलं होतं ते खुलतील, पण ते हळूहळू गप्पच झाले. एकदा म्हणाले, "आता सारेच चांगलं म्हून राहिले. भांडावं कोनाशी?"

मीही त्याच सुमाराला तिकडे एक लहानसा तुकडा घेतला. ही बातमी द्यायला मी पेढे घेऊन गेलो. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते ऐकून काकाजी काहीतरी जोरकस बोलतील, अशी माझी अपेक्षा. त्यांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला आणि उठले. मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटून घेतलं. कोपऱ्यातल्या लाकडी कपाटाला हात घालून म्हणाले, "धर जरा." आम्ही दोघांनी ते सरकवलं. मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत वेडीवाकडी तड गेली होती. हाताची बोटं आत जातील एवढी.

"कायी माती हाये आपली," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "पावसायात फुगते, उन्हायात फाटते. पाया खोल घेजो. मुरूम लागेपर्यंत खंदत जाजो, गवंड्याचं आयकू नोको."

इतक्या वर्षांत बडनेऱ्याबद्दल उणा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो, तेव्हा ते ओशाळवाणं हसले आणि म्हणाले, "आता तू गावचा झाला नं. बाहेरच्याले काहून सांगू?"

मग आम्ही दोघांनी मिळून कपाट पुन्हा जागेवर सरकवलं.