वॉरंटी जाईल, मॅडम

आज मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. दापोलीहून एसटीने आलेल्या माझ्या भाचीला, मुक्ताला घेऊन एका कॉम्प्युटर क्लासात गेले. तिला ऑफिसांतले बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करायची नोकरी हवी आहे.

"विद्यार्थी मशीन स्वतः उघडतात ना?" मी विचारलं.

"वॉरंटी जाईल, मॅडम. सगळं व्हिडिओवर दाखवतो," क्लासवाले म्हणाले.

"मग पोहायलाही खाटेवरच शिकवाल!"

"आत्ये, हळू बोल गं," मुक्ता कुजबुजली.

मैत्रिणींनो, माझा अडलेला कॉम्प्युटर ही पोर फोनवरून, एकदाही न चिडता, चालू करून देते. तिने नुसते व्हिडिओ बघत बसायचं?

क्लासवालेही या ग्रुपमध्ये आहेत, म्हणून इथेच विचारते. मशीन रोज किती तास तिच्या हातात देणार? शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा. तोवर तिचा प्रवेश अर्ज माझ्या पर्समध्ये आहे.